आल्ट, शून्य, दोन, चार, सात

हत्तुरे गुरुजींची प्रश्नपत्रिका येते
पाठकोऱ्या कागदावर, निळ्या शाईत,
आणि पाचव्या प्रश्नाला मी अडते दरवर्षी.
आडवी रेघ. वर ठिपका. खाली ठिपका.
हातानं काढायला तेवढा वेळही लागत नाही
जेवढा हे सांगायला लागला.

साखर पेठेतल्या टायपिंग क्लासात
बाई शिकवायच्या: आधी अपूर्णविराम मार,
मग एक घर मागं ये,
आता त्याच्या पोटातून डॅश काढ.
रिबन सरकलेली असली
तर खालचा ठिपका लाल यायचा.
पहिल्यांदा मला वाटलं, चिन्हाला लागलं कुठंतरी.

मग कॉम्प्युटर आला.
डाव्या अंगठ्याखाली आल्ट दाबून धरायचं,
उजवीकडच्या आकड्यांवर शून्य, दोन, चार, सात.
आईचा वाढदिवस मला माहीत नाही (तिलाही नव्हता),
हा नंबर मात्र झोपेतही सांगेन.
त्यातही फॉन्ट मराठी राहिला असला
तर भागाकाराच्या जागी उमटायचा
कुठल्याशा जोडाक्षराचा तुटका पाय.
एकशे चव्वेचाळीस, तुटका पाय, बारा.

आता दुकानात मुदस्सरचा लॅपटॉप.
उजवीकडचे आकडेच नाहीत त्याला,
जागा वाचवली म्हणे.
"अक्का, तिरकी रेघ दे ना, मशीनला तीच कळते."
मशीनला कळेल रे,
पेपर मशीन सोडवणार आहे का?
मग तो फोन काढतो,
आकड्यांचं पान, त्याच्या मागचं पान,
तिथं पायच्या शेजारी बसलेलं असतं ते, सावलीत.
तेवढंच एक मला पाठवतो,
मी तिथून उचलून इकडं चिकटवते.
आमच्या दोघांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर
तीन वर्षांचे निरोप आहेत असे:
÷
÷
÷
त्याच्या बायकोनं एकदा मला दुकानात येऊन विचारलं,
हे नक्की काय चाललंय.

आमच्या घरी तेलुगू.
आई विड्या वळायची, हजार वळून उठायची,
पंचवीसची एक जुडी, चाळीस जुड्या,
पाटी नाही, पेन्सिल नाही,
मुठीतच कळायचं तिला पंचवीस झाल्या ते.
नळ पाचव्या दिवशी यायचा,
दोन पिंपं, सहा माणसं,
कुणी किती तांब्यांत अंघोळ करायची
हे ती डोळ्यांनी सांगायची.
शेजारीण विचारायची, भागतं का गं एवढ्यात?
त्याचं उत्तर तेवढं आई मराठीतून द्यायची.
भागतंय.
तेलुगूत या शब्दाला काय म्हणतात
ते मी तिला विचारायचं राहून गेलं.

यंदा झेरॉक्सवाल्याची शाई संपत आली होती.
पेपर गेला, पोरांनी सोडवला,
आणि चार दिवसांनी गुरुजी दुकानात,
हातात गठ्ठा, चेहऱ्यावर राग की हसू कळेना.
"भूदेवीबाई, तुमचे ठिपके उडाले."
रेघा तेवढ्या उरलेल्या.
अख्ख्या वर्गानं वजाबाकी केली होती,
एकशे चव्वेचाळीस वजा बारा, एकशे बत्तीस,
आणि अगदी बरोबर केली होती.
गुरुजींनी सगळ्यांना पूर्ण मार्क दिले.
जे छापलं ते सोडवलं, पोरांचा काय दोष?

एका मुलीनं फक्त उत्तर लिहिलं होतं बारा.
छापलेल्या रेघेला पेन्सिलीनं
वर एक, खाली एक
ठिपका देऊन घेतला होता तिनं.
गुरुजींनी विचारलं, तुला कसं कळलं गं?
तर म्हणे, वजा असतं
तर शेवटी कशाला विचारलं असतं, सर?

तेव्हापासून झेरॉक्सला द्यायच्या आधी
मूळ कागद मी काउंटरवर पसरते,
चष्मा कपाळावरून खाली घेते,
आणि काळ्या पेननं एकेक ठिपका गिरवते.
मुदस्सर हसतो.
पाचव्या प्रश्नात सहा उदाहरणं.
बारा ठिपके.