निरोप

इशबेलबाईंचं देवाशी बोलणं बंद आहे
फेब्रुवारीपासून. तोर्मोदची होडी
परत आली नाही, तेव्हापासून.

मी दर गुरुवारी जातो.
बायबल गाडीतच ठेवतो.
पीटच्या विटा आत आणून चुलीशी रचतो,
कडूजहर चहा घेतो.
सेमिनरीत शिकवलं होतं, शांततेला घाबरू नका;
लुईस बेटावरच्या या वाऱ्याबद्दल
कुणी बोललं नव्हतं.

आज दाराशी त्या म्हणाल्या,
“पास्टर, भेटलाच तर सांगा त्याला,
माझा राग गेलेला नाही.”

अरुंद रस्त्यावर समोरून मेंढ्या आल्या.
इंजिन बंद केलं
आणि निरोप सांगून टाकला,
एकही शब्द मऊ न करता.

मेंढ्या केव्हाच गेल्या.
स्टिअरिंगवर हात तसेच,
पीटचा वास येणारे.