शून्य सरकतं तेव्हा

सित्राच्या प्लँटमध्ये एकतीस वर्षं
मी प्रेशर गेज तपासतोय.
काच पुसायची, बोटाची टिचकी मारायची,
काटा थरथरून जागेवर येतो का ते बघायचं.
फार काळ फार दाब खाल्लेल्या गेजची
आतली नळी ताणालाच घर समजू लागते.
पाईपमध्ये काही नसतानाही
काटा चारवर उभा.
आम्ही वहीत लिहितो : शून्य सरकलं.

माझं शून्य
चौथ्या पेगवर जाऊन बसलं होतं.
पहिली काही वर्षं दोन पुरायचे,
मनामाच्या त्या जाड पडद्यांच्या बारमध्ये
दोनात मी हसायचो, पैसे उसने द्यायचो,
शालनला फोनवर गाणं म्हणून दाखवायचो.
पुढे चार घेऊन
मी फक्त इतरांसारखा व्हायचो.

सोडली. हात कापायचे थांबले, झोप आली,
लिव्हरचे आकडे खाली आले.
बायकोनं सत्यनारायण घातला तिकडे गुहागरला.
आणि मग ही नवी तक्रार,
जिला नाव नव्हतं :
दुखत नाही काही, पण कशाला उठावंसंही वाटत नाही.

सुदानी डॉक्टरीणबाई, इल्हाम त्यांचं नाव,
पेन खाली ठेवून बोलल्या.
डोपामिन म्हणजे आनंद नव्हे हो,
तो आनंदाचा निरोप्या.
ऊठ, तिकडे काहीतरी आहे, एवढंच तो सांगतो.
तुम्ही रोज रात्री हजार निरोप्ये धाडलेत,
मेंदूनं कंटाळून दारं लावून घेतली.
आणि वयही काही दारं लावतंच,
न पिणाऱ्याचीसुद्धा.
मी म्हटलं, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.
त्यांना ते हिंदीत समजावताना
माझीच तारांबळ उडाली.
पुन्हा उघडतील का?
काही उघडतील. वर्ष लागेल, जास्तही.
वयानं लावलेली मात्र
माझ्या हातात नाहीत, म्हणाल्या.

परवा नातीनं, ओवीनं, फोनवर
पहिला धडा वाचून दाखवला.
बदक, कमळ, एक लांबलचक होडी.
मी बरोबर जागी ‘वा’ म्हटलं.
शालन मागून म्हणाली, तुमचं लक्ष नव्हतं.
होतं गं.
प्रत्येक अक्षर आलं पायरीपर्यंत,
घ्यायला बाहेर कुणी आलं नाही.

जासिमचा आजा पाणबुड्या होता.
चामड्याची पखाल घेऊन खाऱ्या समुद्रात बुडी मारायचा,
तळाशी गोड्या पाण्याचा झरा फुटायचा,
त्याच्या तोंडाशी पखाल धरायची.
मोत्यांच्या होड्या त्या पाण्यावर जगायच्या.
मग किनाऱ्यावर बोअर झाल्या, पंप लागले,
शेतांनी, हॉटेलांनी, आम्ही सगळ्यांनी उपसलं.
जासिमनं बोट दाखवलं : तिथे होता.
मी पाहिलं. समुद्र होता.

आता सत्तर बारचा दाब देऊन
खाऱ्यातून गोडं पिळतो आम्ही.
मीही तसंच काहीसं करतो हल्ली.
पहाटे साडेचारला, मन नसताना,
बूट घालतो, बांधापर्यंत चालतो,
मन नसताना परत येतो.
डॉक्टरीणबाई म्हणतात चाला.
गेजला कुणी चालायला सांगत नाही,
त्याला आम्ही भंगारात टाकतो.

अकराव्या महिन्यात, शुक्रवारी,
सुकुमारन साफी तळत होता.
मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून.
कढीपत्ता तडतडला, काळी मिरी,
मग मासा तव्याला लागल्याचा तो आवाज.
आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो.
चपला शोधल्याचं आठवत नाही.
कुणी हाक मारली नव्हती,
सुकुमारनला तर मी झोपलोय असंच वाटत होतं.

काय हवंय, त्यानं विचारलं.
मला सांगता येईना.
त्यानं ताटली पुढे केली.
मीठ जरा जास्तच पडलं होतं.