खालचा सूर

निकोसे काका मला भिंतीकडे तोंड करून बसवतात.
इंदोऱ्यातली सायकल दुकानावरची खोली,
कोपऱ्यात जयंतीच्या ऑर्केस्ट्राचे स्पीकर, चादरीखाली.
पाठीमागे ते बासवर दोन सूर वाजवतात,
एकापाठी एक, आणि थांबतात.
"सांग."
भिंतीचा एक पापुद्रा सुटलाय. त्यालाच विचारल्यासारखं
मी म्हणते, "पंचम."
"मध्यम हाय वं. काऊन घाई करून राह्यली?"

दोन महिने झाले.
बघत वाजवलं तर सगळं येतं मला:
जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर सा धरला
की शेजारच्या तारेवर, सरळ समोर, मध्यम,
दोन घरं पुढे पंचम,
आणि मधल्या घरात तो तीव्र,
भातात खडा लागावा तसा.
बोटांना पत्ते पाठ आहेत.
कानाला अजून गल्लीही सापडत नाही.

काका चाळीस वर्षं वाजवताहेत,
ट्रकवर, मांडवात, गायकाच्या मागे, दिव्याच्या बाहेर.
"बास बंद पडला का मंग लोक वळून पाह्यतात," म्हणतात,
"तोवर कोनालेच नाही मालूम आपुन हावो म्हनून."

मी कुठेही सराव करते.
मे महिन्यात आमचा लोखंडी कूलर दिवसभर गुणगुणतो,
तो जवळजवळ माझाच तिसरा पडदा, केसभर चढा.
त्याच्यावर पंचम लावत मी कणीक मळते.
दुपारी लाइट जाते, घराचा सा जातो,
आणि माझा पंचम एकटाच लोंबकळत राहतो
स्वयंपाकघरात.
कडबी चौकात दोन ऑटो एकमेकांवर हॉर्न दाबतात:
कोमल गंधार.
हे सांगायला सोबत कोणी नसतं.

बाबा अजनीच्या शेडातून रिटायर झाले.
त्यांचे कान वरून खाली गेले.
आधी चिमण्या, मग कुकरची शिट्टी,
मग दाराची बेल, मग आईचं "अहो".
पूर्वी गच्चीत पडल्या पडल्या सांगायचे, हे अमुक इंजिन.
हॉर्नला दोन भोंगे असतात, एक खालचा, एक वरचा,
दोघांमधलं अंतर ज्याचं त्याचं.
आता खालचाच पोचतो त्यांच्यापर्यंत.
"एकच वाजून राह्यला," ते मोठ्याने म्हणतात,
"वरचा बिघडला. लिहून द्या ना कोनी."
गमतीत म्हणतात की खरंच, मी विचारलेलं नाही.

परवा लाइट आल्यावर अँप उचलून त्यांच्या खोलीत नेला,
खाटेला टेकवला.
बाबांनी पाइपावर तळहात ठेवला.
दोन तारा एकदम छेडल्या तर नुसता गढूळ गुरगुराट,
म्हणून मग सुटे वाजवले, खालचा, मग वरचा,
डोळे मिटून, कुठे हात पडतोय ते न बघता.
"पुन्हा."
पुन्हा.
"आणखीन एकडाव."
कूलरचं पाणी टपकत होतं.
मग बाबा म्हणाले, बारीक आवाजात,
जो आवाज त्यांना स्वतःला ऐकू येत नसणार,
"हे तर चारशे बावीस.
थंडीत सुरूच होये नाही लेकाचं.
आम्ही त्याले 'जावईबापू' म्हनो."
आणि हसले. "वरचा भोंगा दुरुस्त केला वाट्टे."
मी "हो" म्हटलं, मान हलवून, दिसेल असं.

रविवारी पुन्हा तीच भिंत, तोच पापुद्रा.
काकांनी दोन सूर वाजवले.
"सांग."
"जावईबापू."
मागे तार दाबल्यासारखी गप्प झाली.
"काय म्हनलं?"
"शुद्ध गंधार," मी म्हटलं. "थंडीत सुरू होत नाही."
काका बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग त्यांनी पुढचे दोन वाजवले.