रकाना सातवा

पेडण्यापलीकडच्या देवळाची नोंद करायला
खात्याचा फॉर्म घेऊन गेले होते मी.
भिंतीची उंची, चुन्याचे थर, गळतीच्या जागा
भरून झाल्या दुपारपर्यंत.
सातवा रकाना राहिला : उपयोग.

पुढच्या भिंतीवरच्या कावीतल्या अवतारांचं
काहीतरी लिहिता आलं असतं,
भाविकांना बोध, वगैरे.
पण पाठीमागे,
फणस आणि गडगा यांच्यामधल्या बोळात,
जिथे प्रदक्षिणासुद्धा अंग चोरून वळते,
तिथे गुडघ्याच्या उंचीवर
एक मोर.
पिसापिसाला डोळा, डोळ्याडोळ्याला पापणी.

तो काढणारा पुरसो च्यारी
आता ऐंशीचा, सोप्यावर पान लावत बसलेला.
इथे कोण पाहणार होतं? मी विचारलं.
"कोण ना.
तितलो चुनो ओलो उरिल्लो, बाय."

कॉलेजात आम्हाला रस शिकवले होते, नऊच्या नऊ.
ब्रह्मानंदाचा सख्खा भाऊ, असं सर म्हणायचे
आणि फळ्याला पाठ लावून डोळे मिटायचे.
विरेचन आलं तेव्हा मागचा बाक खिदळला,
शब्द वैद्याच्या पुडीतला वाटला म्हणून.
परीक्षेत मला बासष्ट.

पुरसोने उरल्यासुरल्या गिलाव्याचा तुकडा पुढे केला,
वर हुरमुंजाचा थर, हातात सुई.
मी एक रेघ ओढली.
तांबड्याखालून पांढरं आलं.
खाली पांढरंच आहे हे मला माहीत होतं,
सकाळी मीच तर मोजली होती थराची जाडी.
तरी तोंडातून निघून गेलं, अगंबाई!
पुरसो हसला नाही. सुई मात्र परत मागितली नाही.

रात्री आरतीला घुमटं.
पोरं तळव्याने मडक्याचं तोंड
झाकत होती, उघडत होती,
आणि मातीच्या पोटातून कोणीतरी हुंकार देत होतं.
सम कुठे येणार हे खांबांनाही पाठ असावं.
तरी ती आली की वीस माना एकदम खाली,
जसे मोजून ठेवलेले पैसे पुन्हा मोजावेत
आणि एक नाणं जास्त निघावं.

माझ्या शेजारी मोगाबाई. नवरा जाऊन महिना झालेला.
करुण चाल सुरू झाली तशी
एका हाताने पदर डोळ्यांना,
दुसऱ्याने मांडीवर ठेका, अचूक.
ते दोन हात एकमेकांना
काही विचारत नव्हते.
मीही विचारलं नाही.
एवढंच दिसलं की घरी नेण्याआधी
तिने ते दुःख एकदा
मापात बसवून पाहिलं.
की हेही मीच म्हणते आहे? ती फक्त ताल धरत असेल.

पणजीला परतल्यावर साहेब म्हणाले,
रकाना रिकामा चालत नाही.
मग मी लिहिलं :
चुना ओला होता.

त्यांनी तांबड्या पेनाने खाली शेरा मारला,
भिंतीत ओल. तातडीने दुरुस्ती करावी.