चार अधिक तीन

जनकगंजच्या मागच्या गल्लीत माझी लॅब.
खाली गजकवाला, वर मी.
ग्वाल्हेरला जानेवारीत धुकं दुपारपर्यंत उठत नाही,
आणि तीळ कुटल्याचे धक्के
मायक्रोस्कोपच्या टेबलापर्यंत चढत येतात.

आज बारा तुकडे, शेवईहून बारीक.
लेबल: त्र्यंबक शिरढोणकर, वय ७१, प्रोस्टेट.
काच काढली. पुन्हा लावली.
आमचे गणिताचे सर.

निरोगी ग्रंथीला दोन थर असतात.
आतल्या पेशी उंच, रस गाळणाऱ्या;
बाहेरच्या बसक्या,
प्रार्थनेला उशीर झालेली पोरं भिंतीला टेकून बसावीत तशा.
मधूनच एखादी तिसऱ्याच जातीची,
जिचं काम काय हे अजून मलाही नीट सांगता येत नाही.
बसक्यांना तपकिरी रंग चढवते मी.
तपकिरी रेघ दिसली की सुटलो.

सातव्या तुकड्यात रेघ नाही.
आठव्यात नाही.
कुठे ग्रंथी लहान, सुट्या, आकार धरून: त्याला तीन.
बहुतेक जागी एकमेकींत मिसळून चाळणी झालेल्या:
त्याला चार.
जे जास्त, ते आधी लिहायचं.

सातवी ब. फळ्यावर सर:
क्रम बदला, बेरीज बदलत नाही.
मी हात वर केला होता. नेहमीच?
नेहमीच, म्हणाले, आणि खडू झटकला.

रिपोर्ट न्यायला स्वतःच आले.
माकडटोपी, चष्म्यावर धुकं.
मला ओळखलं नाही, की दाखवलं नाही.
"सातच ना?"
सातच सर. पण चार आधी आलेत.
तीन आधी असते तर
मी इतकी सावकाश बोलले नसते.

शंभरातले किती जण दहा वर्षं काढतात,
तो आकडा तक्त्यात आहे, सांगितला.
त्या शंभरात तुम्ही कितवे, ते तक्त्यात नाही.
सर म्हणाले, "संभाव्यता मी नववीला शिकवायचो.
पोरांना नाणं उडवायला लावायचो.
नाण्याला कधी विचारलं नाही."

मग बिल मागितलं.
उभ्या उभ्या बोटाने बेरीज केली,
वरून खाली, आणि खालून वर.
वीस रुपये जास्त लागले होते.
मी परत दिले.