ओष्ठ्य

क्रोमर. खिडकीच्या काचेवर खाऱ्या हवेचा पापुद्रा.
भार्गवीचं कानातलं मशीन चार्जिंगला.
वहीत मिसेस ॲबलेटची लाल फुली:
‘अनुप्रास ओळखा’, आणि हिनं अधोरेखित केलेत
मून, बोट, पिअर.

“तिन्हींचं पहिलं अक्षर वेगळं गं.”
ती माझ्या तोंडाकडे बघत राहते.
“परत म्हण.”
म्हणते.
“बघ. ओठ मिटले. मिटले. मिटले.”

फुलीशेजारी मी पेन्सिलीनं लिहिते
प फ ब भ म.
पाटीवर एका ओळीत गिरवलेले पाच,
एकाच उंबऱ्यावरून निघणारे;
चाळीस वर्षं घोकले,
आरशात कधी पाहिले नव्हते.

पुढचा प्रश्न उपमेचा: समुद्र कशासारखा?
नमुन्याला सिंह दिलाय, गर्जना करणारा.
ती पेन चावते. खाली भरती लागलीय,
पिअरच्या खांबांना फेस.
“समुद्र सारखा बोलतो,” ती म्हणते,
“पण माझ्याकडे तोंड करून नाही.”

‘सारखा’ आहे, तरी ही उपमा नव्हे.
नाव आठवत नाही मला.
मी उठून दिवा लावते,
खुर्ची तिच्यासमोर ओढून घेते,
उजेड माझ्या ओठांवर पडेल अशी.