भाला, यादीत नसलेला

एकोणीस वर्षं मी सलाइनचे थेंब मोजले.
आता म्हणतात, माहिती मोजायला शीक.
बँगोरच्या इस्पितळात, तळघरातल्या खोलीत
आम्ही नऊजण. दोन डॉक्टर, एक औषधं देणारी,
ओसियन नावाचा पोरगा, ज्याला डेटाबेस तोंडपाठ
पण रक्त पाहिलं की घाम फुटतो,
आणि मी, एलुनेद, वॉर्ड पाचची,
पासवर्ड विसरण्याबद्दल प्रसिद्ध.

पहिल्या दिवशी प्रोथेरो बाईंनी
प्रोजेक्टर लावलाच नाही.
म्हणाल्या, रात्रपाळीत मारेदच्या मागे उभी राहा,
तोंड मिटून.
एका गोळीसाठी किती क्लिक, ते बोटांवर मोज.
हातांची संपली तर पायांची घे.

पायांचीही संपली.

लाल चौकट उघडते, मारेद बंद करते.
पिवळी उघडते, बंद करते.
माशी हाकलावी तशी, न बघता,
एकीकडे सात नंबरच्या म्हातारीला
कूस बदलून देत.
मी रागावणार होते.
शब्द जिभेवर आले आणि तिथेच बसले,

कारण त्या फेब्रुवारीत मीही हाकलली होती एक.
तिच्यात लिहिलं होतं, हे औषध सकाळी दिलेलं आहे.
ग्विलिम वाचला. तीन दिवस अतिदक्षता विभागात,
मग डोळे उघडून आधी चहा मागितला.
चौकशीच्या कागदावर माझ्या वाट्याला दीड ओळ:
सूचना दाखवली होती,
कर्मचाऱ्याने दुर्लक्ष केले.
मशीन निर्दोष सुटलं.
त्या रात्री मशीनने मला
एकशे बेचाळीस सूचना दाखवल्या होत्या.
हे कागदावर नव्हतं. कुणी मोजलंच नव्हतं.

ग्विलिम खाणीतला माणूस,
पोरं ज्यावर मुळाक्षरं गिरवायची
त्या पाटीचा दगड फोडण्यात हयात गेलेली.
कसं दुखतंय विचारलं, तर म्हणाला, ग्वायू.
आमच्या वेल्शमध्ये ग्वायू म्हणजे भाला,
आणि भाल्यासारखी आरपार जाणारी कळसुद्धा.
पडद्यावर होतं: तीव्र. बोथट. जळजळ. इतर.
मी 'इतर' निवडलं.
तीन अक्षरांत भाला मोडून ठेवला
आणि पुढच्या खाटेकडे गेले.

वर्षभर शिकले.
कंपनीचा माणूस 'होऊन जाईल' म्हणाला
की 'कधी' हे त्याच्याच हातून लिहून घ्यायचं.
सर्जन टेबलावर मूठ आपटेल तेव्हा
मुठीकडे नाही, घड्याळाकडे बघायचं,
त्याची सोळा मिनिटं रोज कुठे जातात ते सांगायचं,
मग मूठ आपोआप उघडते.
पैशाचा तक्ता मला अजून येत नाही.
ओसियन करून देतो, मी त्याला वॉर्डात नेते.
एका पहाटे त्याने उलटीचं भांडं धरलं,
चेहरा चुन्यासारखा,
आणि जिन्यात बसून म्हणाला,
तीन वाजून बारा मिनिटं, हा मला
नुसता रकाना वाटायचा.

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी काहीतरी नवं आणलं.
नवा डॅशबोर्ड, नवा रंग, नवा आवाज.
समितीच्या गृहस्थांनी विचारलं, तुमचं नवं काय?
म्हटलं, अकरा सूचना काढून टाका.
काढून?
हो. आणि 'इतर'च्या पुढे एक कोरी ओळ द्या,
माणसाचा शब्द माणसाच्या भाषेत मावेल एवढी.
प्रोथेरो बाई खिडकीतून
सामुद्रधुनीचं ओसरणारं पाणी बघत राहिल्या.
मला वाटलं, गेलं वर्ष.

ओळ मिळाली. ओसियनने दुपारी बसून केली.
सूचना काढायला दिल्या चारच.

काल रात्री मी पुन्हा मारेदच्या मागे.
एका लाल चौकटीपाशी तिचं बोट थांबलं.
चष्मा वर केला. वाचलं.
औषध ट्रेमध्ये परत ठेवलं.
मग वळून म्हणाली, अजून सात उरल्यात, बाई,
आणि तू अजूनही
माझ्या उजेडात उभी आहेस.